चलच्चित्रांचे मल्लिनाथ

शाळामास्तरांच्या कोशात ‘गाईड’ ह्या शब्दाला जे स्थान आहे, ते सभ्य माणसाच्या कोशात शिवीला असते. पस्तीस वर्षे आम्ही संस्कृत शिकविले. आणि त्या अवधीत मूळ श्लोकाकडे ढुंकूनही न पाहता गाईडातील भाषांतर घोकून उत्तीर्ण झालेली मुले इतकी पाहिली, की पुढे पुढे तसले पुस्तक दुरून दिसले तरी आमच्या कपाळास आठी पडे. तेव्हा गेल्या उन्हाळ्यात आमची नात पुण्याचा चित्रपट-रसग्रहणाचा अभ्यासवर्ग आटोपून घरी परतली, आणि थोर दिग्दर्शकांची ओळख करून देणारी सात-आठ पुस्तके तिने माजघरातील टेबलावर मांडली, त्या वेळी आमच्या मनात पहिला विचार आला तो हाच, की आता सिनेमाचीही गाईडे निघू लागली!

आमच्या घरी सिनेमा निषिद्ध असा कधी नव्हता. परंतु त्याला ओसरीवरच बसावयाचे असे. ‘संत तुकाराम’ लागला की मातुःश्री जात, आणि आम्हांस बरोबर नेत. तो सिनेमा नव्हे, ते दर्शन, अशी त्यांची समजूत होती. बाकीच्या चित्रपटांविषयी आमचे मत असे, की जे पाहण्यासाठी काहीच शिकावे लागत नाही, त्यात शिकविण्यासारखे तरी काय असणार? शाकुंतल कळावयास व्याकरण लागते, कोश लागतो, गुरू लागतो. सिनेमा कळावयास दोन डोळे पुरतात, आणि ते गाढवासही असतात. हे वाक्य आम्ही वर्गात पुष्कळदा उच्चारले आहे, आणि मुले दर वेळी हसली आहेत.

असो. दुपारची झोप अलीकडे येत नाही, म्हणून, आणि खरे सांगावयाचे तर दोष काढावयाचे, म्हणून आम्ही ती पुस्तके हाती घेतली.

पहिल्या पुस्तकाने आमची निराशा केली नाही. दिग्दर्शकाचा जन्म अमुक साली, त्याचे चित्रपट अमुक, त्यांस मिळालेली पारितोषिके अमुक. आणि मध्ये मध्ये ‘अप्रतिम’, ‘अजोड’, ‘हृदयस्पर्शी’ अशी विशेषणांची फुले उधळलेली. चित्रपटात प्रत्यक्ष काय दिसते ह्याविषयी एक अक्षर नाही. हे आमच्या ओळखीचे होते. कालिदासाच्या उपमा श्रेष्ठ आहेत असे दहा मार्कांना लिहिणारा, परंतु एकही उपमा सांगू न शकणारा विद्यार्थी आम्ही आयुष्यभर तपासला आहे. आम्ही पुस्तक मिटून समाधानाने नातीकडे पाहिले. ती म्हणाली, “आजोबा, ते मलाही आवडलं नाही. त्याच्या खालचं घ्या.”

खालचे पुस्तक जाड होते, आणि अर्धे चित्रांनी भरलेले. फ्रान्स्वा त्रुफो हा फ्रेंच दिग्दर्शक १९६२ च्या ऑगस्टात हॉलिवुडास गेला, आणि एका दुभाषी बाईंना मध्ये बसवून त्याने आल्फ्रेड हिचकॉक ह्यास दिवसामागून दिवस प्रश्न विचारले. त्रुफो तेव्हा तिशीचा, हिचकॉक साठी ओलांडलेला. अमेरिकेतील पंडित हिचकॉकला केवळ भीती दाखवून पैसे मिळविणारा करमणूकदार समजत. हा माणूस किती जाणता कारागीर आहे हे त्यांस दाखवावे, एवढा त्रुफोचा हेतू होता. पुस्तक १९६६ साली निघाले. त्यातील प्रश्नांचा थाट पाहून आम्ही खुर्चीत सरळ बसलो. ‘आपली प्रेरणा कोणती?’ असले भोंगळ प्रश्न त्यात फारसे नाहीत. ह्या ठिकाणी कॅमेरा वर का नेला? हा पेला इतका पांढरा कसा दिसतो? असे प्रश्न आहेत. ‘सस्पिशन’ ह्या १९४१ च्या चित्रपटात नवरा बायकोसाठी दुधाचा पेला घेऊन जिना चढतो, आणि त्यात विष आहे की काय ह्या शंकेने प्रेक्षकाचा जीव टांगणीस लागतो. नजर पेल्यावरून हलू नये म्हणून हिचकॉकने दुधात दिवा ठेवला होता! जिन्यावर अंधार, माणूस सावलीसारखा, आणि पेला आतून उजळलेला. दूध आणि दिवा, दोन्ही आमच्या माजघरातल्या वस्तू. त्यांतून भय निर्माण करता येते हे आम्हांस ठाऊक नव्हते.

त्याच पुस्तकात हिचकॉकने एक दृष्टान्त दिला आहे. माणसे टेबलाभोवती बसून गप्पा मारीत आहेत; एकाएकी टेबलाखाली स्फोट होतो. प्रेक्षक पंधरा सेकंद दचकतो. आता तोच प्रसंग असा घ्या, की टेबलाखाली बॉम्ब आहे आणि तो एक वाजता फुटणार, हे प्रेक्षकास अगोदरच ठाऊक आहे. भिंतीवरच्या घड्याळात पाऊण वाजला आहे, आणि माणसे त्याच निरर्थक गप्पा मारीत आहेत. आता पंधरा मिनिटे प्रेक्षकास चैन पडणार नाही. हे वाचून आम्ही पुस्तक छातीवर ठेवले आणि छताकडे पाहत राहिलो. शाकुंतलाच्या चौथ्या अंकात दुर्वास शाप देतो, तो कोणास ऐकू येतो? अनसूया आणि प्रियंवदा ह्यांना, आणि आपणांस. शकुंतलेस तो ऐकू जात नाही, आणि सख्या तिला सांगत नाहीत. तिची पाठवणी, कण्वाचे गहिवरणे, हरिणाच्या पाडसाने पदर ओढणे हे सर्व आपण पाहतो, ते टेबलाखाली काय आहे हे जाणून. हा अंक आम्ही कितीतरी वर्षे शिकविला. शापाचे प्रयोजन म्हणून ‘दुष्यंताच्या चारित्र्यास बाध येऊ नये’ एवढेच लिहून देत आलो. ते खोटे नाही. परंतु शाप नेमका तेथेच, आणि पडद्याआडून का, हे आम्ही एकाही मुलास विचारले नाही. ते आम्हांस एका परदेशी सिनेमावाल्याने ह्या वयात शिकवावे, ह्याची थोडी लाज वाटली.

त्यानंतर मात्र आम्ही पेन्सिल घेऊन बसलो.

रशियन मंडळींचे लेखन कठीण आहे. पण संस्कृत शिकलेल्यास त्यातील काही भाग इतरांपेक्षा सोपा जावा. १९२० च्या सुमारास कुलेशोव्ह नावाच्या अध्यापकाने एक प्रयोग केला. एका नटाचा निर्विकार चेहरा घेतला, आणि तो एकदा सूपाच्या ताटलीशेजारी, एकदा शवपेटिकेतल्या मृत स्त्रीशेजारी, एकदा खेळण्याशी रमलेल्या लहान मुलीशेजारी जोडून दाखविला. प्रेक्षकांनी त्या नटाची वाखाणणी केली: काय त्याची भूक, काय त्याचा शोक, काय ते वात्सल्य! चेहरा तिन्ही वेळा एकच होता. ही हकीकत त्याचा शिष्य पुदोव्किन ह्याने लिहून ठेविली आहे. पुढे चित्रे जोडावयाची कशी ह्यावरून पुदोव्किन आणि आयझेनश्टाइन ह्यांत वाद झाला. पुदोव्किनचे म्हणणे, विटेवर वीट ठेवावी तशी ती रचीत जावी. आयझेनश्टाइन म्हणे, एक चित्र दुसऱ्यावर आदळले पाहिजे, आणि त्या आघातातून दोहोंतही नसलेला अर्थ निघाला पाहिजे. १९२९ च्या एका निबंधात त्याने ह्यासाठी चिनी-जपानी चित्रलिपीचा आधार घेतला आहे. त्या लिपीत पाणी आणि डोळा एकत्र काढले की अश्रू होतात. तोंड आणि कुत्रा मिळून भुंकणे होते. सुरी आणि काळीज मिळून दुःख.

बिचाऱ्याला एवढ्या लांब जावयाची गरज नव्हती. आमच्या आठवीच्या मुलास हे समजते. पुदोव्किनचा तो द्वंद्व समास: राम आणि लक्ष्मण, दोघेही जागच्या जागी. आयझेनश्टाइनचा बहुव्रीही: पीत आणि अंबर जोडले, आणि मनात उभा राहिला तो पिवळा रंगही नव्हे, वस्त्रही नव्हे, तर प्रत्यक्ष विष्णू. ‘बॅटलशिप पोटेमकिन’ ह्या त्याच्या १९२५ च्या चित्रपटात दगडी सिंहांचे तीन निरनिराळे पुतळे लागोपाठ येतात: निजलेला, जागा झालेला, उठून बसलेला. दगड तिन्ही वेळा अचल आहे. पण सिंह उठतो. आम्ही हे नातीला समासाच्या भाषेत सांगितले, तेव्हा तिने ते वहीत टिपून घेतले. तिच्या शिक्षकांनी ते मान्य करावे की नाही हा त्यांचा प्रश्न.

ह्या सर्वांत एक गोष्ट आमच्या ध्यानात येत गेली. चांगले ओळखपुस्तक दिग्दर्शक किती थोर हे सांगत बसत नाही. ते बोट ठेवते: येथे पाहा. मल्लिनाथाने आपल्या टीकांच्या आरंभी प्रतिज्ञा केली आहे, की मुळात नसलेले काही लिहिणार नाही आणि अनावश्यक काही बोलणार नाही. अन्वय लाव, पदाचा अर्थ सांग, कोशाचा आधार दे, आणि बाजूला हो. त्रुफोचे पुस्तक ह्या कुळातले. अरुण खोपकर ह्यांचे ‘गुरुदत्त : तीन अंकी शोकांतिका’ हे १९८५ चे मराठी पुस्तकही त्याच कुळातले, ‘प्यासा’, ‘कागज के फूल’ आणि ‘साहिब बीबी और गुलाम’ ह्या तीन चित्रपटांतला प्रकाश, छाया आणि गाण्यांचे चित्रण ते पदच्छेद करावा तसे उलगडते. मात्र ह्या टीकाग्रंथांत एक दोष आम्हांस राहून राहून खटकला. सर्व काही एका नावावर जमा होते. ‘संत तुकाराम’ हा १९३६ चा चित्रपट दामले आणि फत्तेलाल ह्या दोघांचा. एक ध्वनीचे जाणकार, एक कलायोजनेचे. त्यांस कोणत्या एका ‘थोर दिग्दर्शका’च्या प्रकरणात घालावयाचे? सत्यजित राय ह्यांचे छायालेखक सुब्रत मित्र ह्यांनी ‘अपराजित’साठी काशीच्या घराचे अंगण स्टुडिओत उभारले असता वर कापड ताणून दिवे त्यावर परावर्तित केले, म्हणून तेथला उजेड आभाळातून उतरल्यासारखा दिसतो. पुस्तकांतून हे एका ओळीत येते, आणि पुढच्या ओळीत पुन्हा ‘राय ह्यांनी’ सुरू!

राहता राहिले आपले दादासाहेब फाळके. त्र्यंबकेश्वरच्या दाजीशास्त्र्यांचे चिरंजीव. म्हणजे व्याकरणाच्या घरातलेच. मुंबईस ख्रिस्तचरित्रावरचा मूकपट पाहिला आणि आपल्या देवतांची अशी चित्रे का होऊ नयेत ह्या ध्यासाने ह्या गृहस्थास झपाटले. त्यांनी पुढे काय केले? पुस्तकांच्या दुकानातून चलच्चित्रकलेची ओळख करून देणारे एक इंग्रजी पुस्तक मिळविले. ते ज्या सेसिल हेपवर्थने लिहिले होते, त्याचाच कारखाना १९१२ साली विलायतेत जाऊन पाहिला. परत येऊन वाटाण्याचे रोप उगवताना दिवसेंदिवस थोडे थोडे टिपले, आणि ती काही क्षणांची फीत सावकारास दाखवून भांडवल उभे केले. विम्याच्या पॉलिशा गहाण पडल्या, अतिश्रमाने काही काळ दृष्टीही गेली होती. १९१३ च्या मे महिन्यात ‘राजा हरिश्चंद्र’ मुंबईच्या पडद्यावर आला. १९१७-१८ साली त्यांनी ‘नवयुग’ मासिकातून ही हकीकत मराठीत लिहिली. हिंदी चित्रसृष्टीचा आरंभ एका ‘गाईडा’पाशी आहे, हे वाचल्यावर त्या शब्दावरचा आमचा राग पुष्कळ उतरला.

आता ज्यासाठी हा लेख लिहावयास घेतला, ते सांगितले पाहिजे. एवढा वेळ ते टाळीत आलो आहोत.

राय ह्यांच्या ‘पथेर पांचाली’विषयीचे एक प्रकरण आम्ही श्रावणातल्या एका दुपारी वाचीत होतो. पुण्यास सतीश बहादूर नावाच्या अध्यापकांनी हाच चित्रपट वर्षानुवर्षे विद्यार्थ्यांस बारकाईने शिकविला, असे नातीने सांगितले होते. चित्रणास आरंभ १९५२ च्या ऑक्टोबरात. पहिलाच देखावा काशाच्या पांढऱ्या तुऱ्यांतून धावणाऱ्या बहीण-भावाचा. आठवड्याने मंडळी पुन्हा जातात तो गुरांनी सारे तुरे खाऊन टाकलेले, आणि पुढचा बहर येईपर्यंत वर्षभर थांबावे लागले! हे वाचून आम्ही मोठ्याने हसलो. पान उलटले. पुढे हरिहर गावाहून परत येतो तो प्रसंग होता. दुर्गा गेलेली आहे हे त्यास ठाऊक नाही. तो एकेक वस्तू काढून दाखवितो, शेवटी दुर्गेसाठी आणलेली साडी. आई ती साडी तोंडाशी धरून कोसळते. तिचा आक्रोश आपणांस दिसतो, परंतु ऐकू येत नाही. त्याच्या जागी तारशहनाईचा उंच, चिरत जाणारा स्वर येतो. हे वाक्य वाचले आणि आमच्या हातातली पेन्सिल थांबली. हे आम्ही पूर्वी कोठेतरी वाचले होते. छापलेले नव्हे, निळ्या शाईत लिहिलेले.

१९९३ सालची गोष्ट. आठवीचा वर्ग, शब्दरूपे चालली होती. मागच्या बाकावरचा एक मुलगा खाली मान घालून भराभर लिहीत होता. मुलगा हुशार, संस्कृतात पहिल्या दोन-तिघांत. आम्ही जाऊन वही ओढली. रविवारी दुपारी दूरदर्शनवर निरनिराळ्या भाषांतले चित्रपट दाखवीत असत, त्यांपैकी एकाची काही हकीकत त्याने लिहिली होती. आम्ही वाचून पाहिली असे नाही, चाळली. लाल पेन हातात होतेच, उघड्या पानावर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत फुली मारली, त्याचा कान धरला, आणि साऱ्या वर्गादेखत म्हणालो, “बाप गाडी हाकून वह्या घेऊन देतो, त्या ह्या थेरांसाठी काय रे?” वर्ग हसला. दोन डोळ्यांचे आणि गाढवाचे ते वाक्यही त्या दिवशी म्हटले असेल. नक्की आठवत नाही, पण म्हटले असेल. वही जप्त करून कपाटात टाकली. पुढल्या वर्षी त्या मुलाने संस्कृत सोडले. त्याचे आम्हांस तेव्हा वाईट वाटले होते, ते एक चांगला विद्यार्थी गेला म्हणून. कारण शोधावयास आम्ही कोठे गेलो नाही.

निवृत्तीच्या वेळी कपाटातले कागद दोन ट्रंकांत भरून घरी आणले होते, ते माळ्यावर पडून होते. नातीला वर चढविले. दुसऱ्या ट्रंकेत, जुन्या प्रश्नपत्रिकांखाली वही सापडली.

बारा पाने लिहिलेली होती. एकेका ओळीत एकेक देखावा. ‘मिठाईवाला पुढे, पोरं मागे, कुत्रं त्यांच्या मागे. मग सगळे पाण्यात उलटे चालतात.’ ‘म्हातारी बसली आहे. मुलगी तिला हलवते. म्हातारी पडते. भांडं गडगडत पाण्यात जातं.’ ‘मुलगा माळ तळ्यात फेकतो. शेवाळ बाजूला होतं, परत मिटतं. आता कुणाला कळणार नाही.’ एकही विशेषण नाही. चांगला की वाईट, आवडले की नाही, ह्याचा उच्चार नाही. मुलाला बंगाली येत नव्हते, परदेशी पंडितांची नावे त्याच्या कानांवर असावयाचे कारण नाही. आणि ज्या पानावर आमची लाल फुली होती, त्या पानाच्या शेवटी: ‘आई रडते. आवाज येत नाही. वाद्य वाजतं. का?’ त्या ‘का’खाली दोन रेघा ओढल्या आहेत. आमच्या फुलीचे एक टोक बरोबर त्याच्यावरून गेले आहे.

रात्री जेवणे झाल्यावर नातीने संगणकावर तो चित्रपट लावला. वही मांडीवर घेऊन, थांबवीत थांबवीत, आम्ही दोघांनी ओळ न् ओळ ताडून पाहिली. थोरले बंधू आणि वहिनी आधी कुतूहलाने बसले, मग थांबविण्याला कंटाळून निजावयास गेले. दोन ठिकाणी त्याने देखाव्यांचा क्रम उलटा लिहिला आहे. एके ठिकाणी ‘बैलगाडी’ची वेलांटी चुकली आहे. बाकी सर्व बरोबर. आम्हांपाशी थांबविण्याची कळ होती. त्याने हे एकदाच पाहून, दुसऱ्या दिवशी आठवून लिहिले होते. तारशहनाईचा स्वर सुरू झाला तेव्हा आम्ही ते थांबविण्यास सांगणार होतो, पण सांगितले नाही.

जुन्या विद्यार्थ्यांकडे चौकशी केली. तो मुलगा आता सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीसचा असेल. तालुक्याच्या गावी त्याचे खते-बियाणांचे दुकान आहे, मोठा मुलगा अभियांत्रिकीत आहे, असे कळले. सिनेमाचे पुढे काय झाले, हे सांगणाऱ्यास ठाऊक नव्हते. त्याला हा प्रश्नच चमत्कारिक वाटला.

पत्र लिहावयास बसलो, तो मायन्यापाशीच अडलो. ‘चिरंजीव’ लिहिले आणि खोडले. तो अधिकार त्या दिवशी वर्गात आम्हीच घालविला असे वाटले. ‘रा. रा.’ लिहिले, ते परक्यासारखे दिसले. तरी तेच ठेवले. मजकूर चार ओळींचा झाला. त्याच्या ‘का’चे उत्तर म्हणून दोन पाने निराळी लिहिली होती, शोक वाच्य झाला की रसाची हानी कशी होते वगैरे आनंदवर्धनापासून आरंभ करून. ती नातीने वाचली आणि म्हणाली, “आजोबा, आधी त्यांना विचारा ना, त्यांना काय वाटलं होतं ते.” ती पाने फाडून टाकली.

वही पुठ्ठ्यात घालून दोऱ्याने बांधून ठेविली आहे. पोस्टाने नको, आपण गाडी काढून स्वतःच जाऊ, असे नातीचे म्हणणे आहे. दुकान रविवारी उघडे असते की बंद, तेवढे विचारावयाचे राहिले आहे.